मेंदूच्या रेघा बघणाऱ्या मॅडम

"अजून नक्की नाही," असं म्हणून मॅडम पेन्सिलीनं कानामागे खाजवायच्या. आई-बाप रडोत की हात जोडोत, उत्तर तेच. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

मी नागपूरच्या त्या दवाखान्यात आया होते, चौथी शिकलेली. स्वमग्न मुलांच्या मेंदूच्या लहरींत एखादी पक्की खूण दिसते का, हे मॅडम शोधत होत्या. सापडली तर मूल वर्षाचं असतानाच ओळखता येईल, आई-बापांची दारोदार फिरण्यातली वर्षं वाचतील, असं त्यांचं म्हणणं.

तुम्हाला ठाऊकच आहे, मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून लोक पोराचं डोकं तेलानं थबथबवून आणतात. तेलावर मशीनच्या तारा चिकटत नाहीत. म्हणून आधी मी डोकी धुवायची. मग मॅडम तारा चिकटवून काचेपलीकडे जायच्या आणि पडद्यावरच्या रेघा बघत बसायच्या.

"रेघा पळून नाही जात जी, जेवून घ्या."

"पळतात, मावशी."

दोन वर्षांनी खूण सापडली. स्वमग्न मुलांत एक सावकाश लाट, तुलनेला आणलेल्या बाकीच्या मुलांत नाही. मॅडमनी मला आलुबोंडे खाऊ घातले. आठ दिवसांनी दिल्लीला जाऊन मोठ्या डॉक्टरांपुढे सांगायचं होतं.

त्याच आठवड्यात खापा गावची एक पाच वर्षांची मुलगी आली. तिला मांडीवर घेऊन मी बसले होते. पदर घसरला, तो सावरला. काचेमागून मॅडम धावत आल्या.

"मावशी, आत्ता काय केलंत?"

"काही नाही जी. पदर घेतला."

"त्याआधी?"

"थोपटून राहिली होती. नाही तर पोट्टी बसते का?"

"सगळ्यांना थोपटता?"

"जे बसत नाही त्याईले. बाकीचे मुकाट बसतात, त्याईले काहून थोपटू?"

त्यांनी मला सहा वेळा थोपटायला लावलं, सहा वेळा थांबवलं. थोपटलं की लाट, थांबलं की गायब. दोन वर्षांची खूण माझ्या हाताची निघाली.

"मी कोणाले सांगत नाही," मी म्हटलं.

"मी सांगणार आहे."

दिल्लीत त्यांनी तेच सांगितलं. काम बंद झालं. रागावलात का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "चूक माझी. काचेपलीकडे तुम्ही काय करता, हे मी कधी विचारलंच नाही." मग त्या दुसऱ्या गावी गेल्या. तिथं पहिल्यापासून सुरू केलंय म्हणतात.

महिन्यानं ती खाप्याची आई मुलीला घेऊन आली. "खूण भेटली का वं मावशी?"

नाही, मी सांगितलं. रेघेत माझाच हात होता, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "पण पोट्टी बसली होती ना? घरी जेवायलेही बसत नाही. कसं थोपटता, ते दाखवा."

मॅडमची खुर्ची रिकामीच होती. मी तिला त्यावर बसवलं, मुलगी मांडीवर दिली आणि आईचा हात धरून दाखवलं. खांद्याखाली. जोरात नाही, सावकाश.