बाबांनी घेतलेली मुलाखत

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं तेव्हा आई अंगणात कोकमाच्या साली उन्हात पसरत होती. मी तिला बातमी सांगितली. हात तसेच चालू ठेवून ती म्हणाली, "बरं झालं गो. आता व्हिसाचं बघ." रत्नागिरीतल्याच कॉलेजात मी मत्स्यशास्त्र शिकले होते आणि आता पुढचं शिकायला जायचं होतं. मे महिना होता. व्हिसाची मुलाखत जूनच्या सुरुवातीला मुंबईत होती.

व्हिसाच्या एजंटच्या ऑनलाइन क्लासमध्ये आम्हाला उत्तरं पाठ करायला सांगत. हेच विद्यापीठ का, शिक्षण झाल्यावर काय करणार, परत येणार का. मी मागच्या पडवीत फेऱ्या मारत ती घोकत असे. बाबा तिथेच आरामखुर्चीत पेपर वाचत असत.

बाबांचं सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर, इंजिनरूममध्ये गेलं. वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकी पाण्यावर. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर त्यांच्या-माझ्या बोलण्याचे विषय ठरून गेले होते: अभ्यास, जेवण, मांडवीच्या किनाऱ्यावर कोणाच्या होडीला कसली मासळी लागली. भांडण कधीच नव्हतं, पण सलग अर्धा तास आम्ही बोललो असू असंही मला आठवत नाही.

एका संध्याकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू हे देवीच्या आरतीसारखं म्हणतेयस," ते म्हणाले. "समोरचा माणूस मध्येच थांबवतो. मग काय करशील?"

"तुम्हाला काय माहीत?"

"प्रत्येक बंदरात असली पासपोर्ट तपासणारी माणसं जहाजावर चढायची. एकेकाला समोर उभं करून विचारायची. ऊठ, ये."

त्यांनी आईचं शिलाई मशीन पडवीच्या मधोमध ओढलं, त्याच्यामागे खुर्ची मांडली आणि चष्मा लावून बसले. मला दाराबाहेर जायला सांगितलं. मग मोठ्याने म्हणाले, "नेक्स्ट."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांचं इंग्रजी जहाजावरचं होतं. व्याकरण वाटेल तसं, पण अडखळणं नाही. मी उत्तराची सुरुवात केली की ते दुसऱ्या वाक्यातच हात वर करून पुढचा प्रश्न टाकत. पहिल्या दिवशी माझी भंबेरी उडाली. त्यांनी पासपोर्ट म्हणून धरलेली माझी वही परत केली आणि म्हणाले, "रिजेक्टेड. उद्या या."

त्यानंतर रोज चहा झाला की मुलाखत असे. आई कोकमं आत घेता घेता ऐकायची. तिला इंग्रजी फार कळत नसे, पण मी हरले की जिंकले हे तिला माझ्या आवाजावरून समजायचं.

आठवडाभराने कधीतरी त्यांनी मला घरच्यांविषयी विचारलं. मी पाठ केलेलं सांगितलं, की वडील निवृत्त खलाशी आहेत, आई गृहिणी आहे. नेहमीप्रमाणे ते पुढे जातील असं मला वाटलं. ते थांबले. मशीनच्या लाकडावर बोट फिरवत त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "तुमचे वडील फार वर्षं बाहेर होते. तुम्हाला त्यांचा राग यायचा का?"

मराठीत हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नसता आणि मीही उत्तर दिलं नसतं. पण इंग्रजीत ते माझे बाबा नव्हते, व्हिसाच्या खिडकीपलीकडचे साहेब होते. 'माझे वडील' म्हणून मी दुसऱ्याच कोणाविषयी बोलू शकत होते.

"राग नाही," मी म्हणाले. "पण ते आले की घरात पाहुणे आल्यासारखं वाटायचं. ते माझ्यासाठी दर वेळी बूट आणायचे. छान असायचे. ते मला कधीच बसले नाहीत."

"का?"

"लहान व्हायचे. आदल्या वेळच्या मापाचे असायचे."

बाबांनी हातातली वही खाली ठेवली. मग मराठीत म्हणाले, "पण तुझी आई तर सांगायची, मुलगी तेच घालून शाळेत जाते."

आई दारात उभी होती. 'शूज' तेवढं तिला कळलं असावं. "मग काय सांगणार होते?" ती म्हणाली. "इतक्या लांबून आणलेले. हिच्या मामेबहिणीला दिले. तिने घातले की सगळे."

"सगळे?"

"सगळे."

त्या दिवशी मुलाखत तिथेच संपली. बाबांनी मशीन जागेवर ढकललं आणि समुद्राकडे फिरायला गेले. आपण नको ते बोललो असं वाटून मी आईजवळ जाऊन बसले. आई म्हणाली, "असू दे. कधीतरी कळायचंच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी काढत होते. बाबा येऊन कठड्याला टेकले. मग म्हणाले, "तुझे फोटो यायचे जहाजावर. शाळेतले. केबिनमध्ये लावायचो. पण त्या फोटोंत पाय नसायचे गो. नुसता चेहरा. चेहऱ्यावरून मी माप धरायचो." त्यांनी माझ्या हातातला पोहऱ्याचा दोर घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः ओढून काढलं.

त्यानंतरही मुलाखती चालू राहिल्या, पण आता त्या लांबायच्या. क्लासमधल्या प्रश्नांबरोबर त्यांचे स्वतःचे प्रश्न येत. लहानपणी मला कशाची भीती वाटायची, पोहायला कोणी शिकवलं, आजारी पडले की रात्री जवळ कोण बसायचं. मीही मध्येच उलट विचारू लागले. "अर्जदाराने प्रश्न विचारायचे नसतात," असं म्हणून ते उत्तर मात्र देत.

एकदा त्यांनी विचारलं, "शिकून परत येणार का?" मी पाठ केलेलं उत्तर सोडून म्हणाले, "खरं म्हणजे मला माहीत नाही." त्यांनी चष्मा काढला. "कोणालाच माहीत नसतं. आज काय बेत आहे तेवढं सांग. तो खोटा नसला म्हणजे झालं." माझा बेत खरंच परत येण्याचा होता. इथल्या किनाऱ्यावर बांगडा का कमी-जास्त होतो, हेच तर मला शिकायचं होतं.

मुंबईला आम्ही दोघं गेलो. वकिलातीच्या आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून माझा फोन धरून बाबा रस्त्यापलीकडे इतर आईवडिलांमध्ये उभे राहिले. आत लांब रांग होती. माझ्या पुढच्या मुलाला नकार मिळाला आणि तो माझ्या बाजूने मान खाली घालून गेला.

खिडकीत तरुण बाई होत्या. त्यांना सर्दी झालेली दिसत होती. त्यांनी विद्यापीठाविषयी विचारलं, खर्च कोण करणार ते विचारलं, मग वडील काय करतात ते. मी सांगितलं. टाइप करता करता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही जाणार म्हणून त्यांना आनंद झालाय का?"

हा प्रश्न कुठेच नव्हता. इतक्या संध्याकाळींत तो बाबांनी विचारला नव्हता आणि मीही नाही. "मी त्यांना विचारलेलंच नाही," मी म्हणाले.

त्या जराशा हसल्या. पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं.

बाहेर आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. शेवटचा प्रश्न सांगितला तसे ते चालू लागले. रस्ता ओलांडून झाल्यावर म्हणाले, "मग आता विचार."

"आनंद झालाय का तुम्हाला?"

"आहे की. आनंद आहे." थोडं चालून ते म्हणाले, "पण घरातून जाणारा नेहमी मी असायचो. मागे राहायची सवय तुझ्या आईला आहे. मला नाही."

मी त्यांचा दंड धरला. आम्ही तसेच स्टेशनपर्यंत चालत गेलो.

ऑगस्टमध्ये मी निघाले. पहिल्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलं, की बाबा दिवसभर घड्याळ बघतात आणि तुझ्याकडे आता किती वाजले असतील ते मोजत बसतात. "मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली, "असं बघत बसलं की दिवस सरत नाही. काहीतरी काम काढावं हातात. परवापासून पाऊस उघडला की पडवीची गळकी कौलं नीट करायला वर चढतात."