हात न लावणाऱ्या सिस्टरबाई

मुलांनी मदत मागितली की शिबिरातल्या सिस्टरबाई आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. विहिरीवरची कळशी असो की परातीतलं भाकरीचं पीठ, "सांगते की, पण हात लावणार न्हाय," म्हणत. काम पुरं होईपर्यंत मात्र जागच्या हलत नसत. नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर दर मे महिन्यात त्या कागलजवळच्या आपल्या शेतात मुलांचं दहा दिवसांचं शिबिर घेत.

माझ्या गौरीला आठव्या वर्षी मधुमेह झाला. पुढची चार वर्षं जेवणाआधीचं प्रत्येक इन्शुलिन मीच दिलं. दुपारचं द्यायला राजारामपुरीतल्या घरून तिच्या शाळेत जात असे; परत येईपर्यंत माझं ताट गार झालेलं असे. ती शिबिराला जायचं म्हणाली तेव्हा मी आधी नकारच दिला. सिस्टरबाई नर्स होत्या, म्हणून अखेर तयार झाले. इंजेक्शन त्या देतील, हे मी धरूनच चालले होते.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. टेकडी चढताना गौरीची साखर उतरली होती, आता ठीक आहे, एवढंच सांगितलं. मी स्कूटर काढली ती थेट शेतावर. बघते तर गौरी लगोरी खेळत होती.

हात थरथरायला लागले तशी ती आपणहून खाली बसली, बरोबरच्या मुलींना थांबवलं, खिशातलं ग्लुकोज खाल्लं आणि बोट टोचून साखर तपासली, असं सिस्टरबाईंनी शांतपणे सांगितलं. इंजेक्शनही ती दुसऱ्या दिवसापासून स्वतःच घेत होती. मी चिडले. काही झालं असतं तर, असं विचारलं.

"मी दोन पावलांवर हुतेच की, ताई," त्या म्हणाल्या. "पोरीला जमतंय. आता तुमाला जमवायचं हाय."

गौरीला घरी न्यायला गेलेली मी एकटीच परतले. वाटेत स्कूटर बाजूला घेऊन मनसोक्त रडले, पण ते रडणं हलकं करणारं होतं.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा सिस्टरबाईंनी शिबिर बंद केलं आणि भावाकडे कुरुंदवाडला राहायला गेल्या. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी गौरीला अभ्यासाचं विचारलं, आजाराचं नाही.

गौरी आता पुण्यात वसतिगृहात असते. तिचा फोन रविवारी येतो, आणि दुपारचं जेवण मी गरम असतानाच जेवते.