नंबर रेवाचा, थांबे आमचे

आमच्या घरात एक नियम आहे. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात गाडी बदलताना मधे जो दिवस मिळतो, तो कुठं घालवायचा हे एकानंच ठरवायचं आणि बाकीच्यांनी मुकाट जायचं. मागच्या खेपेला धाकट्या इशानचा नंबर होता, तर आम्ही चौघं दिवसभर वॉटरपार्कमध्ये भिजत होतो. त्याआधी नवऱ्याच्या नंबराला त्याच्या कॉलेजमित्राचे जुने किस्से ऐकले. कुणी हूं की चूं केलं नाही. यंदा नागपूरहून कोल्हापूरला भाच्याच्या लग्नाला निघालो. पुण्यात सकाळी सहा ते रात्री आठ मोकळे होते आणि नंबर होता रेवाचा. माझी सोळा वर्षांची लेक म्हणाली, "नाणेघाट."

झालं! "शाळेची सहल आहे का ही?" इशान. "एका भिंतीसाठी अख्खा दिवस?" तिचा बाप. रेवा सुट्टीत एकटीनं ब्राह्मी लिपी शिकली आहे. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, तो समोर बसून वाचायचा आणि त्यातल्या चार ओळी वहीत उतरवायच्या, एवढंच तिचं मागणं. मी तिच्या बाजूनं कडाडून भांडले. हे मुद्दाम लिहून ठेवते.

जाणाऱ्यांसाठी सांगते, जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. एसटीनं एका दिवसात जाऊन परतणं अवघड, तेव्हा स्टेशनवरून सरळ गाडी ठरवा. खाण्यापिण्यासकट सहा-साडेसहा हजार धरून चला. आमचे ड्रायव्हरभाऊ आंबेगावातल्या लोणीचे, गाडी झकास चालवणारे. हिशोब सोपा होता: अकराला घाटघर गाव, तिथून पुढं नाणेघाट, तीनला परत फिरायचं.

कळंबला मिसळ खाल्ली. मिसळ उत्तम, पण पाऊण तास गेला, कारण नवऱ्याला दुसरी प्लेट हवी होती. नारायणगावात भाऊ म्हणाले, "पावणं, येवढ्या लांबनं आलाय आन् ओझरचा गणपती न करता जानार? रस्त्यातच हाय की राव!"

रस्त्यात अजिबात नव्हता. "पाचच मिनिटं," नवरा म्हणाला. रांगेत सव्वा तास गेला. रेवा गाडीतच बसून राहिली, आणि "देवाला नाक मुरडते" म्हणून बोलणी खाल्ली ती तिनंच. मला इतका संताप आला की गणपतीपुढं हात जोडतानाही मी नवऱ्याशीच मनात भांडत होते. नियम सगळ्यांना सारखा ना? मग वॉटरपार्कच्या वाटेवर कुणाला देव कसा आठवला नाही?

जुन्नरच्या बाजारात आणखी एक थांबा झाला. लग्नासाठी बांगड्या हव्या होत्या. दुकानातल्या शबानाभाभींनी हातात बांगड्या चढवता चढवता विचारलं, "कुटं निघालात?"

"नाणेघाट. लेख वाचायला," रेवा दारातूनच म्हणाली.

भाभींचे हात थांबले. "मंग हितं काय करताय? पोरीला आदी घाटावर न्या की. बांगड्या कुटं पळून जात्यात व्हय?"

मी हसले आणि हिरव्या दोन डझन बांधून घेतल्या.

नाणेघाटात पोचायला सव्वादोन वाजून गेले. वारा असा की उभं राहवेना. गुहेच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. रेवा त्यांच्यासमोर बसली, खूप वेळ नुसती बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "न... मो." इशानचा मोबाइल खाली आला. "ताई, खरंच वाचता येतंय तुला?" तो तिला चिकटून बसला आणि एकेका अक्षरावर बोट दाखवून विचारू लागला. तीही विसरली सगळं, वहीत एकेक अक्षर उतरवत पोराला शिकवत बसली.

तेवढ्यात कडेला उभे असलेले भाऊ ओरडले, "चला राव, चाकणला लई ट्रॅफिक असतंय, गाडी चुकंल!"

रेवानं वही मिटली आणि उठली. पुणे स्टेशनवर आम्ही सात वाजताच पोचलो आणि तासभर फलाटावर बसून राहिलो.

घरी आल्यावर आठ दिवस मी नवऱ्यावर फणफणत होते. काल रेवाची वही हाती लागली. दीड ओळ उतरवलेली, शेवटचं अक्षर अर्धवट. बाजूला तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "२.५४. इथे आईने हाक मारली."

मला वाटत होतं, भाऊंच्या आवाजानं ती उठली. पण त्यांच्या पाठोपाठ मीही "रेवा, चल!" म्हणून ओरडले होते, हे वही बघून आठवलं.

पुढचा नंबर माझा आहे. वही हातात धरूनच मी तिला नाणेघाट सांगितला. रेवा म्हणाली, "नको आई, तू तुला हवं ते ठरव." आणि वही माझ्या हातातून काढून घेतली.