जोड न लागलेल्या पैलवानाचं घर

मिरजेच्या ठेसनावर आबांनी भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि जावयाच्या दंडावर थाप मारून म्हणाले, "दसरा करा, महाराजांपुढं कुस्ती करा आणि दिवाळीला घरी या." निम्मी आळी पोचवायला आली होती. सगळे ह्यांच्या छातीकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, कारण मी काही कुठे जात नव्हते, नवऱ्याच्या भाकरी थापायला सोबत निघाले होते इतकंच. दोन लुगडी घेतली. दिवाळीपर्यंत दोन पुरेशी होती.

गावाकडच्या बायांनो, म्हैसूरचा दसरा तुम्ही ऐकलाय, पण तो राहतो कुठे ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पंजाबातून पैलवान येत, हैदराबादेतून येत, एकदा काबुलाकडचेही आले होते. फरी-गदगावाले वेगळे, घोड्यांच्या शर्यतीवाले वेगळे, घोड्यावरून चेंडू मारणारे गोरे साहेब वेगळे. साहेबांना बंगले, घोड्यांना तबेले आणि पैलवानांना तालमीमागे बांबू नि नारळीच्या झापांचे मांडव. घोड्यांची बडदास्त आमच्यापेक्षा बरी होती, हे मी आजही सांगेन.

तालमीला इथे गरडी म्हणतात. तिथे बाईमाणसाला पाय ठेवता येत नाही, त्यामुळे हे मांडवात आणि मी रस्त्यापलीकडे काशीकाकूंच्या खोलीत. काकूंचे पणजोबा इथल्या पागेत शिलेदार होते, मराठी त्यांच्या घरात टिकली होती, पण अर्धीमुर्धी कानडीत भिजलेली. पहिल्या रात्री मला रडू आलं तर म्हणाल्या, "सुम्ने रडू नको गं पोरी. बिडु. सगळं सरी होतंय बघ." मला निम्मंच कळलं, पण बरं वाटलं.

आमचं सगळं आयुष्य ज्या जागी फिरलं ती जागा मी पाहिलेली नाही. ऐकलेलं सांगते. दसऱ्याआधी गरडीत जोडी बांधायचा दिवस असतो. त्या दिवशी कुस्ती होत नाही, फक्त कुणाशी कोण लढणार ते पंच ठरवतात. मधल्या लाल मातीची पूजा व्हायची असते, तोवर तिला कुणी पाय लावत नाही. ह्यांना आणि एका इथल्याच पैलवानाला शेजारी उभं केलं. जोडी बरोबर आहे ना, असं वस्तादांनी जमलेल्यांना कानडीत विचारलं, "जोडी सरिना?" सगळे एका आवाजात म्हणाले, "हौदु, हौदु."

कानडीत हौदु म्हणजे होय. आपल्याकडे हौदा म्हणजे कुस्तीची माती. ह्यांना वाटलं, लोक म्हणताहेत हौद्यात उतर. हे उतरले. शड्डू ठोकला आणि समोरच्याला मनगट धरून आत ओढलं.

वस्तादांनी तिथल्या तिथे जोड मोडली. बिनपूजेच्या मातीत उतरलेल्याशी लढायला त्या वर्षी कुणी तयार होईना, आणि पुढच्या वर्षीही होईना. गावात नाव पडलं, हौदु पैलवान. पोरंसोरं रस्त्यात "हौदु?" म्हणून हाक मारत. हे हसत नसत, चिडतही नसत, आणि तेच मला सोसत नसे.

मी म्हटलं, चला घरी. हे म्हणाले, "कुस्ती न करता? आबांना काय तोंड दाखवू?" हिंदुस्थानी येत होती म्हणून पाहुण्या पैलवानांचे मांडव सांभाळायचं काम मिळालं. पेंढा अंथरायचा, कनाती बांधायच्या, कुणाला दूध नि कुणाला तूप लागतं ते बघायचं. दरवर्षी म्हणत, यंदा जोड लागेल. रोज पहाटे जोर-बैठका काढत. परत जाणाऱ्या पैलवानांबरोबर मी आबांना सांगावा धाडी, यंदा नाही जमलं, पुढच्या दिवाळीला येतो. आधी उलट सांगावा येई. मग यायचा थांबला.

आता ह्यांचे गुडघे गेलेत. जोर-बैठका कधी सुटल्या ते मला आठवत नाही. काकू गेल्या, खोली आमच्याकडेच राहिली. मी नाचणीच्या उकडीचे मुद्दे वळते, त्यावर आमटीसारखं सारू करते, बाजारात कानडीतून भांडते. ह्यांच्याखेरीज कुणाशी मराठी बोलायला दसऱ्याची वाट बघावी लागते. मुलूख वाईट असता तर त्याचा राग तरी धरला असता. इथल्या माणसांनी आमचं काही वाईट केलं नाही.

यंदा मिरजेकडचा एक पैलवान मांडवात उतरला. चांगला तिशीतला, बायको-मुलं असलेला. आपली भाकरी हवी म्हणाला म्हणून ह्यांनी त्याला खोलीवर जेवायला आणलं. हे हात धुवायला मागे गेले तेव्हा मी गावाचं नाव काढलं. गाव त्याच्या ओळखीचं निघालं. मी तव्यावरची भाकरी उलटली. मी सहज विचारावं तसं आबांचं नाव घेतलं, कसे आहेत म्हटलं.

"ते व्हय? गेले की पोरसाली," तो म्हणाला. "लई खचले होते. थोरली लेक-जावई म्हैसूरला आले होते म्हणं. जावयानं महाराजांपुढं कुस्ती मारली, आणि त्याच साली दोघंबी पटकीत गेली. म्हातारा सगळ्यांना सांगायचा. तुमच्या कानावर आलं आसंल."

माझे सांगावे आबांना पोचत होते. मी जिवंत आहे हे त्यांना ठाऊक होतं. जावई दुसऱ्यांचा पेंढा झाडतो हे चावडीत सांगण्यापेक्षा त्यांनी आम्हाला मारून टाकलं, वर ती कुस्तीही जिंकून दिली. इतकी वर्षं मी घर म्हणजे परत जायची जागा समजत होते, आणि तिथे माझे दिवस घालून झाले होते. आता गेले तर आबा खोटे पडतील.

हे आत आले, पाटावर बसले. पैलवान म्हणाला, "वैनी, तुमच्या वळखीतलीच का ती दोघं?"

"होय," मी म्हटलं. "चांगली होती दोघं." आणि दोघांच्या ताटात भाकरी वाढली.