आधी लोखंड

गाडीजवळ पोचलो की बाळारामकाकांची पहिली ताकीद मला असायची. "बाय, कागद पिशवीत टाक. मना आकडा सांगू नको." मी गाड्यांची कागदपत्रं करून देणारी एजंट. नंबर माझ्या हातातल्या आरसी बुकात धडधडीत छापलेला, आणि हा माणूस चिखलात उताणा पडून तोच नंबर चेसिसवर शोधणार! सुरुवातीला मला भारी राग यायचा. एकदा मुद्दाम मोठ्याने आकडे वाचून दाखवले, तर काका ब्रश खाली ठेवून सरळ चहाला निघून गेले.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. भिवंडीच्या आसपास गोदामं वाढत होती आणि गोदामांबरोबर ट्रक. ट्रक विकला, मालकाचं नाव बदललं, की चेसिसवर कंपनीने ठोकलेल्या नंबरची पेन्सिल प्रिंट लागायची. नाक्यावर हे काम करणारे पुष्कळ होते, दोन मिनिटांत कागद घासून मोकळे होत. काकांना अर्धा तास लागे. आधी घासलेट, मग तारेचा ब्रश, मग फडकं. त्यानंतर डोळे मिटून एकेका आकड्यावरून अंगठा फिरवायचा, आणि मगच पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची. "आदी लोखंड, मंग कागद," ते म्हणत. "कागद आदी बगला का डोल्याना तोच आकडा दिसतं. डोला लय लबाड हाय." प्रिंट झाली की बुक मागून घेत, जुळवून बघत आणि नुसतं "हां" म्हणत.

अंजूरच्या गुलाबकाकींचे यजमान, धर्माकाका, त्याच सुमारास वारले. त्यांची एक जुनी अमेरिकन गाडी होती. दोनच दारांची, लाल, भलंमोठं बॉनेट; सुरू झाली की शेजारच्यांची भांडी वाजायची. दर गुरुवारी नवराबायको तिच्यातून गणेशपुरीला जात. ती गाडी काकींच्या नावावर करायचं काम माझ्याकडे आलं. गाडी चालू स्थितीत नव्हती, म्हणून आरटीओचे इन्स्पेक्टर साहेब अंजूरलाच बघायला आले. इंजिनामागच्या पत्र्यावरचा नंबर त्यांनी बुकाशी ताडला. एक आकडा वेगळा! बुकात तीन, पत्र्यावर आठ.

"हा नंबर कंपनीचा नाही, हाताने मारलेला आहे," साहेब म्हणाले. "आठवड्यात खुलासा करा, नाहीतर गाडी जप्त होईल आणि चोरीची तक्रार जाईल."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, धर्माची गाडी चोरीची होती म्हणे. काकी माझा हात धरून रडल्या. "गाडी नेऊ दे गो. पन मेलेल्या मानसाला कोनी चोर नको बोलू दे."

मी बाळारामकाकांना अंजूरला घेऊन गेले; धर्माकाका त्यांचे जुने दोस्त. पत्र्यावरच्या नंबरावर त्यांनी अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग प्यायला पाणी मागितलं. उन्हाचा त्रास झाला असेल असं मला वाटलं.

"विलायती कंपनी नंबर दोन जागी मारतं," ते म्हणाले. "येक दाखवाला, येक लपवाला. मुंबैच्या गॅरेजात उस्तादाना शिकवलेला. दुसरा गावला पायजे."

दोन दिवस ते त्या गाडीखाली होते. वर्षानुवर्षांची घट्ट माती, उंदरांची घरटी, गंजाचे पापुद्रे. जेवायलाही लवकर बाहेर येईनात. "काका, घरी चला. साठी उलटलीय तुमची, इथेच मराल," मी वैतागून ओरडले. आतून आवाज आला, "मरन. पन नंबर गावल्याव."

दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर सापडला. मागच्या चाकाच्या वर, चेसिसच्या वरच्या अंगाला, जिथे फक्त बोटं जातील एवढ्याच फटीत. आरशाचा तुकडा आत धरून त्यांनी तो बघितला, कसाबसा कागद सरकवून प्रिंट घेतली. बोटं रक्ताळली होती. "आता काड बुक," म्हणाले. तीन! मी अक्षरशः उडी मारली. काका "हां"सुद्धा म्हणाले नाहीत.

साहेब आले. प्रिंट बघून म्हणाले, "गाडी खरी आहे तर. मग पत्र्यावरचा नंबर कोणी बदलला? मालकानेच ना?"

काकींचा चेहरा पडला.

"मी, सायेब," काका म्हणाले. "गाडी गोदामान व्हती, न खाडीचा पानी आत घुसला. पत्रा कुजला, मी नवा जोडला, न धर्माच्या बुकाच्या पुसट झेरॉक्सवरना नंबर ठोकला. तीनाचा आठ झाला. परवानगी मी न्हाय घेतली. धर्माला यातला कायच ठाव न्हवता."

साहेबांनी जबाब लिहून घेतला. काकांनी अंगठ्यावरची माती पुसून सही केली. गाडी गुलाबकाकींच्या नावावर झाली, गावाची तोंडं बंद झाली. पण बाळारामच्या हातची प्रिंट यापुढे चालणार नाही, असं साहेबांनी मला बजावलं. मी भांडले, हातापाया पडले. काही उपयोग झाला नाही.

काका नंतर पडघ्याला लेकीकडे राहायला गेले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हा हात वाळून हलके झाले होते, बोटांवरचे वण मात्र तसेच होते. इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. "काका, पत्र्यावरचा तो आठ तुमच्या हातचा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिसी. अंगठा ठेवला नं वलखला. आपला हात कोन इसरल? जनमात येकदाच कागद बगून नंबर मारला, तो हाच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नुसता बोललो असतो त सायेब बोलला असता, दोस्ताला वाचवाला खोटा बोलतंय." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "आदी लोखंड, बाय."

आठवड्याने काका गेले. अजूनही कुठल्या गाडीचं बुक उघडण्याआधी मला ते दोन दिवस आठवतात. गाडीखाली पडून, बोटं फोडून घेत ते स्वतःच्याच चुकीचा पुरावा शोधत होते, आणि मी बाहेर उभी राहून त्यांना घरी चला म्हणत होते.