आबाजींनी बंद न केलेला कॉम्प्युटर

घरात एक कॉम्प्युटर आणि त्याच्याभोवती आम्ही सगळे शहाणे, किस्से साचणारच. पण या वेळी माझी झोप उडाली होती. सासरे, म्हणजे आबाजी, उन्हाळ्यात गेले. त्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंगं विंडोजच्या ड्राइव्हवर, आणि विंडोज सुरूच होईना. माझी चिऊ जेमतेम साडेतीन वर्षांची. आवाज विसरली तर?

*

त्याच मशीनवर नवऱ्याने विंडोजच्या जोडीला लिनक्सही टाकलं होतं. सुरू करताना विचारतं, कोणतं हवं? तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एका घरात दोन चुली कायले?"

"एक विझली तर दुसरीवर चहा होते ना, आई!" नवरा म्हणाला.

विझलीच. लिनक्स सुरू झालं, पण विंडोजचा ड्राइव्ह नुसता दिसायचा, उघडायचा नाही. "परवानगी नाही."

*

मी शिकलेली बाई. नेटवरून कमांड शोधली, सगळ्या परवानग्या स्वतःच्या नावावर केल्या. तरी नाही!

नवरा म्हणाला, "तू घराची मालकीण. ड्राइव्ह काही मानून नाही राहिला."

*

मग आधीच वाचायला हवा होता तो मेसेज वाचला. विंडोज बंद केलेलंच नव्हतं. हायबरनेट करून ठेवलं होतं. काम उघडं ठेवून झोपवलेलं.

आबाजी आयुष्यभर मोहाडीत हातमागावर बसले. कॉम्प्युटरही रोज तसाच सोडून उठायचे. मी टोकलं की म्हणायचे, "सांज झाली म्हणून मागावरचा ताणा कापून कोणी उठते का वं? सकाळी तिथूनच बसाचं!"

*

नेटवरचा उपाय सोपा होता : ते झोपवलेलं काम पुसून टाका, ड्राइव्ह उघडेल. कमांड टाइप केली. बोट एंटरवर.

"काय पुसून राहिली?" मागून सासूबाई.

"आबाजींचं अर्धं राहिलेलं काम."

"राहू दे."

बोट उचललं. तुमसरला दिराला फोन लावला.

"पुसू नका, वहिनी! फक्त वाचायला उघडा. आतलं दिसते, बदलता नाही येत."

बदलायचं होतं कुणाला! उघडला.

*

सासूबाई चिऊला मांडीवर घेऊन बसल्या. मी पहिलंच रेकॉर्डिंग लावलं.

"चिऊबाई, जेवली का वं?"

"हाव," चिऊ म्हणाली.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हिला आता काय सांगायचं? मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात स्पीकरमधून आबाजी खोकले. मग पुन्हा खोकले.

चिऊ मागे वळली. "आजी, त्याईले पाणी दे ना!"