इशाऱ्याखालचे हसरे चेहरे

आपत्ती नियंत्रण कक्षाचं फेसबुक पान तो सांभाळायचा. सुरुवातीला तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. एकदा त्याने सहज लिहिलं, 'नदीबाई आज रागात आहेत, पुलावर उभं राहून त्यांच्यासोबत फोटो काढू नये.' बघता बघता ते घरोघरी पोचलं. साहेब खूश. "असंच खुसखुशीत येऊ द्या," म्हणाले. तेव्हापासून वादळ असो की वणवा, इशाऱ्याची शेवटची ओळ हसवणारीच असे.

त्याचा सगळ्यात मोठा चाहता म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. नदीकाठी त्याचं शिंप्याचं दुकान. प्रत्येक पोस्ट तो गिऱ्हाइकांना हातवारे करून वाचून दाखवी. वर ऐट, "आमचे मेहुणे बरं का! सरकारी पगारात लोकांना हसवतात!"

त्या दुपारी धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले. त्याने लिहिलं, 'काठावरच्या सर्वांनी आत्ताच्या आत्ता घरं सोडा.' बस्स, एवढंच. खाली भराभर हसरे चेहरे उमटले. मेहुण्याने विचारलं होतं, 'दादा, पुढची ओळ?'

त्याने फोन लावला. "अहो, निघा तिथून! थट्टा नाही ही."

दुकानात हशा पिकला. "ऐकलंत मंडळी? फोनवर तर आणखी झकास करतात! दादा, एका कोटाची काजं तेवढी करतो आणि..."

पुन्हा फोन लागला नाही. बहीण टेकडीवरच्या शाळेत कामाला गेली होती, म्हणून वाचली.

चौकशी लागली तेव्हा साहेब म्हणाले, "त्या पोस्टखालचं हसणं-खिदळणं काढून टाका. बरं दिसत नाही."

एकेक काढत तो मेहुण्याच्या प्रश्नापाशी आला आणि थबकला. बहिणीला फोन केला. "पोस्टखालचा त्यांचा प्रश्न... काढू?"



"तू तर खरं तेच लिहिलं होतंस ना रे?"

"हो."

"मग यांना का नाही पटलं?"

त्याला उत्तर ठाऊक होतं.

"राहू दे ते तिथंच," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांसमोर."

पान त्याने आपणहून सोडलं. आता तो कक्षातल्या फोनवर बसतो. इशारा सांगून झाला की म्हणतो, "मी काय सांगितलं, ते मला परत सांगा बघू." सहकारी त्याला पोपटमास्तर म्हणतात. बहीण त्याच्याशी बोलते, पण हं-हूंच्या पुढे जात नाही. आणि फोनवर कुणी नुसतं हसलं, तरी तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.